दुसरं पारडं

२ नोव्हेंबर

घर एकदाचं लागलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे एक चिंचोळी खोली, जिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीवर उघडते. घर दाखवणारा दलाल त्या खिडकीबद्दल माफी मागत होता. त्याला काय ठाऊक की याच खिडकीसाठी मी घर पसंत केलं. समोर बघायला काही नसलं की माणूस आत बघतो. ही म्हणाली, झालं, नवऱ्याचा भिंतीवर जीव जडला, आता मी कुणाच्या तोंडाकडे बघू. आज हिचा मूड चांगला आहे. माझाही. टेबल खिडकीपाशी लावलं. एक पाय आखूड निघाला. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, पाण्याचा पेला ठेवून पातळी पाहिली, घडी काढून निम्मी केली, पुन्हा पाहिली. ही दारातून म्हणाली की टेबलावर लिहायचंय का विमान उतरवायचंय.

उद्यापासून नोकरी. तराजूंचा कारखाना, शेवटची तपासणी. म्हणजे माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही तराजू दाराबाहेर पडायचा नाही. शाळा मी आठवीत सोडली. तराजू मला कोणी शिकवला नाही. मोडलेले उघडून, त्यांच्याशी भांडून शिकलो. विचार करायलाही तसाच शिकलो. म्हणून तर मेहुण्याचं बोलणं अजून घशात अडकलेलं आहे.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. बोलताना चष्मा कपाळावर चढवतो, जणू मेंदूलाही नंबर आहे. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी जेवायला आला होता. मी सहज म्हणालो की माणसाची जाणीव म्हणजे काय, हे एकही पुस्तक न उघडता, निव्वळ विचाराच्या जोरावर शोधता येईल. तो घास हातात धरून हसला. म्हणाला, भाऊजी, तराजू कधी स्वतःला तोलतो का? मग जाणीव जाणिवेला कशी तपासणार? वर म्हणाला की या वाटेवर मोठमोठे थकले, आपण तर पासंगालाही पुरायचे नाही. ‘आपण’ म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता. ही भाजी वाढायला मध्ये आली म्हणून वाचला.

शोधून दाखवणार. या वहीत, पायरी-पायरीने. मग वही त्याच्या ताटाशेजारी ठेवीन आणि म्हणेन, जेव आता.

४ नोव्हेंबर

कारखाना नीटनेटका आहे. माझं टेबल काचेच्या पेटीत, म्हणजे वाऱ्याने पारडी हलू नयेत. वजनं मखमलीच्या खाचांत, उचलायला चिमटा. माझ्या आधीच्या गृहस्थाने वजनांना बोटं लावलेली आहेत. पितळेवर डाग दिसले. मी साहेबांना सांगितलं की बोटाच्या घामालाही वजन असतं. साहेब म्हणाले, मिस्त्री, म्हणजे आता आम्ही आंघोळ करून यायचं. सगळे हसले. मी नाही हसलो. कामाच्या जागी थट्टा मला खपत नाही.

मेहुण्याचं उत्तर मला या टेबलावरच सापडलं. तराजू स्वतःला तोलत नाही, कबूल. पण स्वतःला तपासतो. डाव्या पारड्यात वजन, उजव्यात माल, काटा मध्यावर. मग अदलाबदल करायची. माल डावीकडे, वजन उजवीकडे. काटा पुन्हा मध्यावर आला तर दांडी खरी. नाही आला तर दांडीत खोट. दुसरा तराजू आणावा लागत नाही. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. प्राध्यापकाला माहीत नाही, कारण त्याने आयुष्यात काही तपासलेलं नाही, पेपर सोडून.

तर पद्धत अशी. एक पारडं बघणाऱ्याचं, म्हणजे माझं. दुसरं पारडं जे दिसतं त्याचं. आज सगळा ढीग माझ्याच पारड्यात आहे: शरीर, बोलणं, आठवणी, सगळ्याला मी ‘मी’ म्हणतो. नियम एकच. जे मला दिसतं, ते मी नव्हे. कारण बघणारा तो मी. तेव्हा जे-जे दिसेल ते माझ्या पारड्यातून उचलायचं आणि पलीकडच्या पारड्यात ठेवायचं. उचलण्यासारखं काही उरलं नाही की जे राहील तो निखळ मी. शेवटी अदलाबदल करून दांडी तपासायची. पुरे. आणि मेहुण्याचा चष्मा नाकावर.

११ नोव्हेंबर

हातापासून सुरुवात केली. हात मला दिसतो. डोळे मिटले तरी आतून जाणवतो. म्हणजे जाणणारा मी, हात जाणलेला. उचलला, पलीकडे ठेवला. हे कोणीही म्हणेल. पण लोक म्हणतात आणि विसरतात. मी एकेक बोट घेतलं, नखं, मनगटातली जुनी कळ, आणि प्रत्येकाबद्दल शंकेला जागा उरणार नाही इतकं घासून सिद्ध केलं. रविवारी दुपारी आत खरोखरच काहीतरी सुटलं, गंजलेल्या स्क्रूची आटी सुटावी तसं.

आज कारखान्यात हात आपोआप चालला. दांडी मधल्या पोलादी धारेवर बसवताना माझा श्वास अडकतो, नेहमीचं आहे. आज मी नुसता बघत होतो. दांडी पहिल्याच ठेवण्यात बसली. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, म्हणाले, हा हात आहे का चिमटा. मला आनंद व्हायला हवा होता. पण शाबासकी दुसऱ्याच्या पत्त्यावर गेल्यासारखं वाटत राहिलं.

१५ नोव्हेंबर

आवाज. माझा आवाज मला ऐकू येतो, म्हणजे ऐकणारा निराळा. तोही पलीकडे ठेवला.

जेवताना हिने विचारलं, भाजीत मीठ कमी झालंय का. कमी झालं होतं. जे कमी ते कमी, मी तसंच सांगणार होतो. तोंडातून बाहेर पडलं की मीठ कमी असेल, पण वाढणारी एवढी गोड असल्यावर मिठाची आठवण कोण काढतो. ही ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, नव्या गावाचं पाणी मानवलं म्हणायचं. असल्या लाडीगोडीची मला चीड आहे. भाजीवाले बोलतात असं, शिळी मेथी खपवताना.

थकवा असेल. सिद्धता पुन्हा तपासली. चूक नाही.

२० नोव्हेंबर

आठवणी. आठवण मला दिसते, म्हणून आठवण मी नव्हे. सोपं आहे. बाकी हसू, भूक, झोप हेही त्याच पद्धतीने पलीकडे ठेवून झालं. शेवटी वडील राहिले होते.

वडील गोदामात पोती उचलायचे. मी लहान असताना त्यांनी मला तिथल्या मोठ्या काट्याच्या पारड्यात बसवलं आणि पलीकडे एकेक पोतं ठेवत गेले, आणि मी वर, वर, छपराच्या पत्र्यापर्यंत. खाली ते हसत होते. मी भीतीने ओरडलो नाही कारण ते बघत होते. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. हिलाही नाही. काही गोष्टी सांगितल्या की झिजतात.

आज दुपारच्या जेवणानंतर तोंडाने ती हिला सांगून टाकली. सविस्तर, हातवारे करून. पोत्याच्या तागाचा वाससुद्धा. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं हे तुम्ही. मी ऐकत होतो, शेजारच्या बाकावरचा प्रवासी ऐकतो तसा. मला काहीच झालं नाही. मग फार राग आला. ती गोष्ट माझी होती. कोणी विचारलं होतं तोंडाला?

२४ नोव्हेंबर

आज अदलाबदल केली.

ही शेजारी गेली होती. घर शांत, समोर भिंत, ऊन तिच्यावरून सरकून गेलेलं. माझ्या पारड्यात आता फक्त बघणं उरलं होतं. बाकी सगळं पलीकडे. अदलाबदल म्हणजे एवढंच की आता मी बघायचं नाही. मी दिसण्याच्या पारड्यात बसायचं आणि स्वतःला बघू द्यायचं. कोणाला, हा प्रश्न मनात आला होता. मी तो गैरलागू म्हणून सोडून दिला. पलीकडे नुसता माल होता. हात, आवाज, हसू, भूक, वडील. बेवारस माल. माल थोडाच बघतो.

बसलो. काटा मध्यावर आला नाही.

आणि कोणीतरी माझ्याकडे पाहिलं.

बाहेरून नाही. आतून, मागून, अगदी निवांत. मी वजन उचलून त्यावर डाग आहे का बघतो, तसं. मग हवं ते कळल्यासारखी त्याने नजर काढून घेतली.

नियम माझाच आहे. जे दिसतं, ते मी नव्हे. मी दिसलो.

२५ नोव्हेंबर

आज मी कारखान्यात गेलो नाही. तो गेला.

मला सगळं दिसतं, ऐकू येतं. पण पाय उचल म्हटलं तर उचलत नाहीत. त्याच्या मनात आलं की उचलतात. बस थांब्यावर तो एका म्हाताऱ्याशी हवापाण्याबद्दल बोलला. साहेबांच्या विनोदावर हसला. वजनं चिमट्यानेच उचलली, काम चोख केलं. आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळही असं की मीच उकरून, झाडून दिलेलं.

आता हे लिहायला हात कसा मिळाला ते. घरी आल्यावर त्याने ओला डबा या वहीवर ठेवला. माझ्या वहीवर. तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या आगीसरशी हात माझ्याकडे आला. डबा उचलून फेकला. ही धावत आली तोपर्यंत तो परत ताबा घेऊन बसलेला होता, तिला म्हणाला की हातातून निसटला गं. राग अजून आहे. आहे तोवर लिहून घेतो. 

२८ नोव्हेंबर

ही खूश आहे. हे लिहायला नको वाटतं, पण खोटं लिहिणार नाही. तो तिला भाजी चिरून देतो. तिच्या मैत्रिणीचं लांबलचक रडगाणं ऐकतो, हुंकार देतो. टेबलाखालची घडी निघाली आहे, टेबल डुगडुगतं, त्याला काही नाही त्याचं. मी आत ओरडतो. घसा नसलेला माणूस ओरडतो म्हणजे काय होतं, ते मेहुण्याने एकदा वर्गात समजावून सांगावं.

१ डिसेंबर

मेहुणा आला होता.

चहा झाल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, काय भाऊजी, लागला का जाणिवेचा पत्ता, का अजून चौकशी चालू आहे. मी वाट बघत होतो. माझी सिद्धता इथे, हाताच्या अंतरावर. आणि माझ्या तोंडाने तो हसला. म्हणाला, अरे, तुझंच खरं होतं, मला उगीच खोड आहे नाक खुपसायची, हट्टी माणूस आहे मी, मनावर घेऊ नकोस.

मान तुकवून म्हणाला. माझी मान.

मेहुण्याने चष्मा खाली घेतला. जाताना स्वयंपाकघरात हिला म्हणाला, ताई, भाऊजी निवळले गं, बरं झालं. ही भांडी पुसत होती. पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसत राहिली.

या रागावर मी पानंच्या पानं लिहू शकेन. 

३ डिसेंबर

परत जायची वाट मला माहीत आहे. मी नियम केला, मीच म्हणायचं की नियम चुकला. म्हणायचं की दिसणारा हातही माझाच, ऐकू येणारा आवाजही माझाच. मग सगळं माझ्या पारड्यात परत येईल. 

पण चूक कुठे आहे? दिवसभर शोधली. हात माझा. कशावरून? जाणवतो. जो जाणवतो तो जाणणारा नव्हे. झालं, हात पुन्हा पलीकडे. विचार आता थांबवला तरी थांबत नाही. उतारावरच्या गाडीसारखा सुटलाय आणि दर वेळी त्याच जागी नेऊन आपटतो.

चूक सापडल्याशिवाय चुकलो म्हणायचं? तसं तो म्हणतो. मी नाही म्हणणार.

५ डिसेंबर

एक कळलं. सगळं पलीकडे गेलं, राग नाही गेला. मी तो कधी उचललाच नाही. हात बघितला, आवाज बघितला, राग बघावा असं सुचलंच नाही. बघताना मी रागातच होतो. त्या पलीकडच्यालाही राग नको आहे. राग माझा. मी म्हणजे आता तेवढाच.

म्हणून राग बघायचा नाही. त्याच्याकडे नजर वळली की नियम लागेल. नुसतं रागवायचं. बघायचं नाही.

६ डिसेंबर

हिने आज त्याला गार चहा दिला. साय धरलेला. मला गार चहा दिला तर मी कपासकट उठतो, ही चांगली ओळखून आहे. तो प्यायला. म्हणाला, छान झालाय. ही समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ नुसताच चालू होता.

गार चहा. मला. या घरात.

लिहितोय.

७ डिसेंबर

चिमटा लपवला हिने. माझा घरचा, पोलादी. पिठाच्या डब्यात घातला, मी पाहिलं. तो शोधत बसला नाही, म्हणाला, मिळेल कधीतरी. मग ओला पेला टेबलावर — लाकडावर गोल डाग — त्याला काही नाही. मग हिचा मेहुण्याला फोन. दार लावून, पण ऐकू येत होतं. म्हणाली, निवळलेत काय म्हणतोस, अरे, काहीही केलं तरी माणूस चिडत नाही. म्हणाली, इतक्या वर्षांत दारावरचा पाहुणासुद्धा माझ्याशी इतका गोड बोलला नाही. मला शेजारी झोपवत नाही म्हणाली.

मला शोधते आहे ती. टोचून बघते आहे, कुठे दुखतं का.

दुखतंय. चिमटा पिठात —

८ डिसेंबर

आज काही लपवलं नाही. टोचलं नाही. दमली असेल.

राग कमी. अक्षर पुसट. मेहुणा आठवला, मान आठवली, थोडं आलं. पासंग, पासंग, पासंग म्हणत राहिलो. थोडं आलं.

तो समोर भिंतीकडे बघत बसला होता. नाही. भिंतीकडे नाही —

९ डिसेंबर

बघतो आहे. तो रागाकडे बघतो आहे. उचलायला आला — पेला आपट, पेला — 

गेला. तूर्त गेला.

१० डिसेंबर

ही आली आहे. शेजारी बसली आहे. पेन चालतं ते बघते आहे.

अक्षर ओळखलं तिने. माझं, खाली ओढलेलं, कागद फाडणारं. त्याचं गोल असतं. वाचते आहे. मागची पानं उलटून वाचून आली. 

म्हणते, अहो, तुम्हीच ना हे. 

म्हणते, मी मुद्दाम करत होते हो. चहा, चिमटा. ओरडा की माझ्यावर. एकदा ओरडा. कप फेका, कितीही फुटू देत. म्हणते, तुमच्या ओरडण्यावर मी घर मांडलंय, या गप्प माणसाशी मला नाही जमायचं.

माझं मनगट धरलंय. दोन्ही हातांनी. हात जाऊ नये म्हणून.

राग धरतो. धरतोय — चिमटा लपवलास — चहा, साय — मेहुणा, कपाळावर चष्मा — मान —

येत नाही. ती रडते आहे. हिच्यावर कसा —

शिव्या द्या म्हणते. देतो. थांब जरा. तू एक — तू इतकी वर्षं माझं सगळं —

चुकलं. सापडली नाही चूक, तरी चुकलं. लिहिलं बघ. वाच. मी —

पेन हलकं झालं — अगं, घट्ट धर — अजून — तुला सांगायचं राहि